बेलौसोव यांचे द्रावण

१९५१ साली मॉस्कोतल्या बोरिस बेलौसोव यांचा लेख एका नियतकालिकाकडून साभार परत आला. शेरा असा, की लेखात सांगितलेली गोष्ट घडणे शक्यच नाही. बेलौसोव तेव्हा साठीकडे झुकलेले, आयुष्य लष्करी रसायनशास्त्रात घालवलेले गृहस्थ. पेशी अन्नातून ऊर्जा मिळवताना जे क्रेब्ज चक्र चालवते, त्याची साधी नक्कल ते काचपात्रात करू पाहत होते. त्यासाठी त्यांनी सायट्रिक आम्ल, ब्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घेतले आणि उत्प्रेरक म्हणून सिरियम घातले. द्रावण पिवळे झाले, पिवळेपणा गेला, थोड्या वेळाने परत आला. असे ते कितीतरी वेळ चालू राहिले.

आक्षेप उष्मागतिकीचा होता: अभिक्रिया समतोलाकडे जाते, मधूनच मागे वळत नाही. नियम बरोबर, लावला मात्र चुकीच्या जागी. द्रावण समतोलापासून अजून बरेच दूर असते. इंधन सतत खर्ची पडते, चढउतार होतो तो फक्त मधल्या पदार्थांचा. १९२१ साली अमेरिकेत विल्यम ब्रे यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडेटच्या मिश्रणात अशीच आवर्तने नोंदवली होती. त्यांनाही धूळ आणि अशुद्धतेवर बोट ठेवून वाटेला लावले गेले. तपासायला लागणारी रसायने कुठल्याही प्रयोगशाळेच्या फडताळात होती, हे लक्षात घेतले की नकाराचा खरा राग येतो.

दुसरा प्रयत्नही फसला. अखेर १९५९ साली किरणोत्सर्गी वैद्यकाच्या एका संकलनात बेलौसोव यांचे छोटे टिपण छापले गेले. पुढे मॉस्को विद्यापीठात सायमन श्नोल यांनी हे काम अनातोल झाबोतिन्स्की या तरुण विद्यार्थ्याकडे सोपवले. त्याने सायट्रिकच्या जागी मॅलोनिक आम्ल घेतले. नंतर फेरोइन हा उत्प्रेरक आला आणि रंग ठसठशीत झाले: लाल, निळा, पुन्हा लाल. १९७२ साली अमेरिकेत फील्ड, कोरोश आणि नॉयस यांनी यामागची यंत्रणा उलगडली. ब्रोमाइड पुरेसे असेपर्यंत ते अभिक्रियेला रोखून धरते. ते एका मर्यादेखाली गेले की दुसरी अभिक्रिया स्वतःलाच वेग देत भडकते आणि उत्प्रेरकाचा रंग पालटतो. मग पालटलेला उत्प्रेरकच पुन्हा ब्रोमाइड तयार करवतो.

एक द्रावण असे वागते हे पटल्यावर प्रश्न आला तो गर्दीचा. असे हजारो दोलक एकमेकांशी जोडले तर? १९७५ साली जपानच्या योशिकी कुरामोतो यांनी गणिताने उत्तर दिले होते: जोडणी एका उंबरठ्यापलीकडे गेली, की वेगवेगळ्या चालीचे दोलकही एका तालात येऊ लागतात. २००२ साली व्हर्जिनिया विद्यापीठात जॉन हडसन यांच्या गटाने आम्लात बुडवलेल्या ६४ निकेल इलेक्ट्रोडवर हे दाखवून दिले.

सर्वांत देखणा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. अ‍ॅनेट टेलर, केनेथ शोवॉल्टर आणि सहकाऱ्यांनी रेझिनच्या बारीक सच्छिद्र मण्यांवर फेरोइन चढवले आणि सुमारे १,००,००० मणी उत्प्रेरक नसलेल्या द्रावणात सोडून ते ढवळत ठेवले. प्रत्येक मणी म्हणजे बेलौसोव यांचा एकेक चिमुकला दोलक; आकार वेगळा, चाल वेगळी. एका मण्यातून निघालेली रसायने द्रावणात मिसळून इतरांपर्यंत पोचत. ढवळणे मंद असताना मण्यांची दाटी वाढवली, तर ते हळूहळू एकमेकांशी जुळवून घेत, गर्दीतल्या टाळ्या जुळाव्यात तसे. जोरात ढवळले की चित्रच निराळे. दाटी कमी असेपर्यंत सगळे मणी गप्प, रंगबदल नाहीच. दाटीने उंबरठा ओलांडला, की सगळे एकदम सुरू, तेही एकाच ठोक्यावर. पुरेशी संख्या जमली की जिवाणू एकदम वागणूक बदलतात, त्याचे हे निर्जीव रूप.

बेलौसोव यांच्या वाट्याला यातले फार थोडे आले. १९८० साली त्यांना, झाबोतिन्स्की आणि इतर तिघांसह, लेनिन पारितोषिक जाहीर झाले. बेलौसोव १९७० मध्येच वारले होते.