नत्र आणि कुरण: रोथॅमस्टेडचा प्रयोग

1856 साली इंग्लंडात रोथॅमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी एका जुन्या कुरणाचे पट्टे पाडले आणि पट्ट्यागणिक वेगळं खत घातलं. प्रश्न साधाच होता, वाळलं गवत जास्त कशानं मिळेल? अमोनियाच्या क्षारांनी, म्हणजे नत्रानं, ते वाढलं. पण थोड्याच वर्षांत पट्टे इतके वेगळे दिसू लागले, की हे एकच कुरण होतं हे सांगावं लागे! बिनखताच्या पट्ट्यांत आजही 30हून अधिक जाती आहेत. चुन्याशिवाय भरपूर अमोनिया दिला तिथं 2-3च उरल्या. माती आंबट झाली. प्रथिनं देणारं, हवेतला नत्र स्वतः धरणारं क्लोव्हर तिथून गेलंच. गंमत बघा, नत्राविना नुसतं पालाश-स्फुरद दिलं, तिथं ते वाढलं. लॉजचा तराजू भार मोजत होता. गाईला काय मिळालं, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. प्रयोग अजून चालू आहे.