जाऊबाईंचं पोटदुखणं



आमच्या मोठ्या जाऊबाई बाजूला बसल्या की चार दिवस पोट आवळून पडून असायच्या. "बाईला सोसावंच लागतं," एवढंच घरातलं औषध. मूल झालं नाही, त्याचाही बोल त्यांनाच. १९८६ साली ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, चॉकलेट सिस्ट. एन्डोमेट्रिओसिस.

हे दुखणं नवं नव्हतं. अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या डॉ. जॉन सॅम्पसन यांनी बीजांडकोशातल्या, जुन्या काळपट रक्ताने भरलेल्या या गाठींवर १९२१ मध्येच लिहिलं होतं. १९२७ मध्ये त्यांनी कारण मांडलं: पाळीचं थोडं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात जातं, त्यातलं गर्भाशयाचं अस्तर तिथं रुजतं. मग दर महिन्याला तेही फुगतं, रक्त सोडतं, आणि त्या रक्ताला बाहेर वाट नसते. सूज येते, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. उलटं रक्त बहुतेक बायकांत जातं, रुजतं मात्र काहींतच. ते का, हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. (मी कॉमर्सवाली, चूकभूल द्यावी घ्यावी.)

१९८६ वजा १९२१. पासष्ट वर्षं.

परवा नातीची पाळीत शाळा बुडाली. मी ओवा शोधत होते. जाऊबाई म्हणाल्या, "आधी डॉक्टरांची वेळ घे."