रोज सकाळी नवी सूची

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मी तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयात लिपिक होतो. कोणीतरी देणगी म्हणून दिलेला एक जुना संगणक तिथे पडून होता. एका मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून मी त्यावर स्लॅकवेअर लिनक्स घातले. शिकवणारे कोणी नव्हते. संगणक सुरू होताना पडद्यावरून ज्या ओळी सरकत, त्या मी वहीत उतरवून घेई. त्यांतली एक ओळ रोज यायची: ‘अपडेटिंग शेअर्ड लायब्ररी लिंक्स’. वाचनालयातल्या माणसाने ‘लायब्ररी’ शब्द पाहून थबकावे, एवढेच तेव्हा झाले.

पुढे छपाईच्या कामासाठी एक प्रोग्राम हवा होता. त्याला लागणारी लायब्ररी मी मूळ कोडवरून तयार करून डिस्कवर ठेवली. प्रोग्राम म्हणे, अशी फाइलच नाही. फाइल तर डोळ्यांसमोर होती. नाव तपासले, परवानग्या तपासल्या. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी भारनियमनात वीज गेली. ती आल्यावर संगणक पुन्हा सुरू केला, तर तोच प्रोग्राम मुकाट्याने चालू लागला. मी काहीही केले नव्हते. मग कोणी केले? वहीतली ती ओळ आठवली आणि शोध सुरू झाला. तो आजवर चालू आहे.

संगणकातली लायब्ररी म्हणजे तयार कामांचा साठा. अक्षरे छापणे, फाइल उघडणे, वर्गमूळ काढणे ही कामे प्रत्येक प्रोग्रामला लागतात. पूर्वी यूनिक्सवर प्रत्येक प्रोग्राम या कामांची स्वतःची प्रत पोटात बाळगे. शंभर प्रोग्राम, शंभर प्रती. साठा एकच ठेवावा आणि सर्वांनी तो चालतेवेळी वापरावा, ही कल्पना १९६०च्या दशकातल्या मल्टिक्स या प्रणालीत होती. यूनिक्सने मात्र सुरुवातीला साधेपणा पत्करला. सन मायक्रोसिस्टिम्सच्या रॉबर्ट गिंगेल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८७ साली युजनिक्सच्या परिषदेत सनओएसमधील सामायिक लायब्रऱ्यांवर निबंध मांडला. १९८८च्या सनओएस ४.०मध्ये ती रचना प्रत्यक्षात आली.

साठा एक झाला, तशी नवी अडचण उभी राहिली. प्रोग्राम सुरू होताना त्याच्या लायब्रऱ्या शोधायच्या कुठे? दर वेळी सगळी फडताळे धुंडाळणे परवडणारे नव्हते. सनच्या कित्येक यंत्रांना स्वतःची डिस्कही नसे, फायली नेटवर्कवरून येत. म्हणून सनने ‘एलडीकॉन्फिग’ नावाचा छोटा प्रोग्राम दिला. तो ठरलेल्या जागा पाहून लायब्रऱ्यांची सूची एका फाइलीत लिहून ठेवी, हीच कॅश. यंत्र सुरू होतानाच्या आज्ञांमध्ये त्याचे नाव घातलेले होते. रात्री कोणी काही हलवले असेल, नवे आणले असेल, तर सकाळी सूची पुन्हा नवी.

फ्रीबीएसडीने हे उचलले, लिनक्सनेही उचलले. लिनक्समध्ये एलडीकॉन्फिग दोन कामे करतो. एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या असतील, तर प्रोग्राम ज्या नावाने हाक मारतो ते नाव योग्य आवृत्तीकडे वळवतो. मग सगळ्यांची सूची लिहितो. नवी सूची आधी वेगळ्या नावाने पूर्ण करायची आणि मग एका झटक्यात जुन्याच्या जागी ठेवायची, ही त्याची पद्धत. मध्येच वीज गेली, तरी अर्धवट सूची कोणाच्या हाती पडत नाही. माझी लायब्ररी फडताळावर होती, सूचीत नव्हती. लिनक्सचा लिंकर सूची पाहतो, तिथे नाव नसेल तर दोन-चार मूळ जागा चाळतो आणि हात वर करतो. वीज गेली, यंत्र नव्याने सुरू झाले, सूची नव्याने लिहिली गेली. माझे काम भारनियमनाने केले होते.

वाचनालयात हा अनुभव नवा नव्हता. ज्या पुस्तकाचे कार्ड खणात नाही, ते वाचकापुरते नसतेच. म्हणून आम्ही वर्षातून एकदा कपाटे रिकामी करून दाखल नोंदवहीशी पुस्तके ताडून पाहायचो. सूची ही पुस्तकांवरून आलेली दुय्यम गोष्ट आहे, हे त्या चार दिवसांत अंगात मुरे. प्रश्न उरे तो एवढाच, की तिच्यावर अविश्वास किती वेळा दाखवायचा?

गेल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे मिळाली. रेड हॅटसारख्या लिनक्समध्ये नवे सॉफ्टवेअर बसवतानाच सूची नवी होऊ लागली. २०१४मध्ये सिस्टिमडी या व्यवस्थेत सुरुवातीच्या वेळची एक पायरी आली. ती आधी बदलाच्या वेळा ताडून पाहते, प्रणालीच्या फायली बदलल्या असतील तरच सूची लिहिते, नाहीतर गप्प राहते. मसल या छोट्या सी-लायब्ररीने अशी सूचीच ठेवलेली नाही. ओपनबीएसडी मात्र उलट दिशेने गेले. २०१६पासून ते यंत्र सुरू होताना सी-लायब्ररीचे तुकडे दर वेळी वेगळ्या क्रमाने जोडून ती नव्याने बांधते. कोणता तुकडा कुठे आहे, हे हल्लेखोराला आधी कळू नये म्हणून. सनला वेळ वाचवायचा होता. इथे सुरक्षिततेसाठी वेळ मुद्दाम खर्च होतो.

ॲपलची वाट तिसरीच. तिथल्या कॅशमध्ये लायब्रऱ्यांची नुसती नावे नसतात, लायब्रऱ्याच एकत्र जोडून ठेवलेल्या असतात. पूर्वी ती कॅश नव्याने बांधण्याची आज्ञा वापरणाऱ्यालाही देता येई. २०२०च्या बिग सरपासून ती तयारच येते, सही-शिक्क्याच्या बंदिस्त भागात. प्रणालीच्या लायब्रऱ्यांच्या सुट्या फायली डिस्कवर उरलेल्याच नाहीत. कार्डांच्या खणातच पुस्तके, आणि खणाला कुलूप.

याला माझा सरसकट विरोध नाही. सूचीत खोटी नोंद घुसवता आली, तर प्रोग्रामला भलतीच लायब्ररी देता येते. फ्रीबीएसडीचा एलडीकॉन्फिग कोणालाही लिहिता येईल अशी जागा मोजणीत धरत नाही, तो याच भीतीने. कुलपामागे कारण आहे, आणि ते खरे आहे.

हानी झाली ती वेगळी. ती माझ्यासारख्यांची झाली. माझ्याकडे पदवी नव्हती, गुरू नव्हता. यंत्र स्वतःची कामे करताना मोठ्याने बोलत होते, तीच माझी शाळा. आता सुरू होताना पडद्यावर एक चिन्ह येते आणि थेट काम करायची जागा उघडते. भाचीचा लॅपटॉप बिघडला, तेव्हा मी तिला विचारले, “सुरू होताना काय दिसतं?” ती म्हणाली, “काहीच नाही मामा, नुसतं गोल फिरतं.” त्या गोलामागे चाललेल्या पडताळण्यांपैकी एकीचेही नाव तिच्या कानावर पडलेले नाही. मग ती विचारणार काय?

त्या संध्याकाळी मी तिच्या लॅपटॉपवर लिनक्स घातले आणि सुरुवातीच्या सगळ्या ओळी दिसतील असे करून दिले. बहुतेक ओळी तिने न वाचताच जाऊ दिल्या. एका ओळीवर तिने बोट ठेवले आणि म्हणाली, “मामा, हे काय करतंय?” मी कपाटातून जुनी वही काढली.