मातेरे

धान्याच्या नासाडीचा हिशेब सरकारने फार उशिरा मांडला. १९६०च्या दशकात पानसे समितीने देशातील धान्याची काढणीनंतरची नासाडी ९.३३ टक्के धरली. त्यात किडीचा वाटा २.५५, उंदरांचा २.५, मळणीतला १.६८. आकडे चोख आहेत. परंतु या तक्त्यात एक रकाना नाही : खराब झालेले धान्य शेवटी खाल्ले कोणी?

खळ्यावरची रास उचलली की मातीत कालवलेले जे दाणे उरतात, ते मातेरे. महारांच्या बावन्न हक्कांच्या याद्या गावोगाव वेगळ्या सांगत. त्यांत खळ्यावरचे मातेरे आणि पेवातले नासके धान्य यांचीही गणना होई. 'हक्क' हा शब्द पाहा! मालकाच्या लेखी जी नासाडी, तीच महाराची मजुरी. उत्तर हिंदुस्थानात तर मळणीच्या बैलांच्या शेणातून निघालेले दाणे चांभारांच्या वाट्याला देत. त्याला 'गोबरहा' असे नावही होते.

पेव हे ज्वारीचे जुने कोठार. पांढरीत खोल खड्डा, आत कडब्या-भुसाचे अस्तर, तोंड दगडमातीने बंद. धान्याच्या श्वसनाने आतला प्राणवायू संपतो, कर्बवायू साचतो आणि कीड गुदमरते. माणूसही गुदमरतो, म्हणून पेव उघडल्यावर वाफ जाऊ द्यावी लागे, दिवा सोडून पाहावे लागे. मधली ज्वारी चांगली निघे. कडेची अन् तळची ओल लागून काळी, कुबट होई. १९६० साली इंग्लंडात बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने हजारो टर्की पक्षी मेले, तेव्हा शास्त्रज्ञांनी शोध घेऊन अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आणले. महारवाड्यातल्या काळ्या भाकरीची तपासणी करायला मात्र कोणतीच प्रयोगशाळा आली नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. धान्यरूपी बलुत्याऐवजी रोख रक्कम सरकारने सारा वसुलीबरोबर गोळा करावी, असा त्यांचा आग्रह होता. बलुतेदाराला खळ्यावर हात पसरावा लागू नये, एवढी साधी गोष्ट! विरोध झाला, विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा आला तो १९५८ मध्ये, बाबासाहेबांच्या पश्चात.

काळी ज्वारी किती पाण्यांनी धुवायची, उन्हात किती दिवस वाळवायची, दळताना तिच्यात काय मिसळायचे, हे ज्ञान आपल्या आयाबायांजवळ होते. ते कोणत्याही समितीच्या अहवालात नाही. ज्यांनी ती भाकरी खाल्ली, अशी काही माणसे अजून हयात आहेत. वही घेऊन त्यांच्याकडे बसायला आता फार वर्षे उरलेली नाहीत.