पोर्ट्रेट लेन्स आधी की पोर्ट्रेट आधी?

माझ्या पहिल्या प्रगती अहवालात एक वाक्य होतं: ‘१८४० साली योझेफ पेट्झवाल यांनी पोर्ट्रेट लेन्स तयार केली आणि त्यामुळे माणसांचे फोटो काढणं शक्य झालं.’ मला ते वाक्य फार आवडलं होतं. छोटं, ठाम, सालासकट. समितीतल्या एका मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि विचारलं, “मग १८४० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला लोक पैसे देऊन कशासमोर बसत होते?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दोन महिने त्या एका प्रश्नात गेले. ते का गेले हे आज सांगतो, कारण संशोधनाची तयारी करणारे आपण सगळेच कधी ना कधी हे वाक्य लिहितो. विषय वेगळा असतो, साचा हाच: अमुक वस्तू आली, त्यामुळे तमुक घडलं.

आजचा प्रश्न, १८४० चा प्रश्न

आज कोणी विचारलं, ‘पोर्ट्रेटसाठी कुठली लेन्स घेऊ?’, तर दुकानदारही सांगतो: ८५ एमएम, एफ/१.८. मागचं सगळं मऊ होतं, चेहरा उठून दिसतो. म्हणजे आपला प्रश्न ‘फोटो कसा दिसेल?’ हा असतो. मी नकळत हाच प्रश्न घेऊन १८४० मध्ये शिरलो होतो.

तिथला प्रश्न होता वेळेचा. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्स्वा आरागो यांनी दागेर यांची पद्धत जगासमोर मांडली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, त्यावर आयोडीनची वाफ, मग कॅमेऱ्यात प्रकाश, मग पाऱ्याची वाफ. कॅमेऱ्याला शार्ल शेव्हालिए यांची लेन्स होती आणि पुढे लहान छिद्र ठेवलेलं होतं. आजच्या भाषेत एफ/१५ च्या आसपास. इमारती, पुतळे, रस्ते यांच्यासाठी ती उत्तम, पण भर उन्हातही पत्र्याला काही मिनिटं लागायची. दागेर यांनी १८३८ साली काढलेलं पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु ताँप्लचं चित्र पाहा. वर्दळीचा रस्ता ओस पडल्यासारखा दिसतो. चालणारं कोणीच उमटलं नाही. उमटला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस.

चेहरा काही मिनिटं स्थिर राहत नाही. डोळे मिटतात, मान हलते. तेव्हा चेहरा हवा असेल तर पत्र्यावर जास्त प्रकाश पाडा, नाहीतर कमी प्रकाशात काम करणारा पत्रा शोधा.

तीन वाटा

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या वाटेवर होतं. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर वॉलकॉट यांनी लेन्स काढूनच टाकली. कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला मोठा अंतर्वक्र आरसा बसवला आणि त्याच्याकडे तोंड करून छोटा पत्रा ठेवला. आरसा मोठा, म्हणून प्रकाश भरपूर. शिवाय लेन्सच्या चित्रात डावं-उजवं उलटं यायचं, ते आरशात सरळ यायचं. अडचण एकच: पत्रा प्रकाशाच्या वाटेतच असल्यामुळे तो मोठा करता येत नव्हता. चित्र जेमतेम दोन-अडीच इंची. पण मार्च १८४० मध्ये वॉलकॉट आणि त्यांचे भागीदार जॉन जॉन्सन यांनी याच कॅमेऱ्यावर स्टुडिओ उघडला. पेट्झवाल यांची लेन्स तेव्हा बाजारात आलेली नव्हती.

दुसरी वाट व्हिएन्नाची. आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन हे प्राध्यापक पॅरिसहून दागेर यांची पद्धत पाहून आले आणि त्यांनी गणिताचे प्राध्यापक पेट्झवाल यांना लेन्सचा प्रश्न घातला. तोवर लेन्स बऱ्याच अंशी काच घासून, करून बघून सुधारली जायची. पेट्झवाल यांनी ती आधी कागदावर मांडली. आकडेमोड इतकी होती की आर्चड्यूक लुडविग यांनी तोफखान्यातले हिशेबात तयार असलेले सैनिक मदतीला दिले. चार भिंगांची ही रचना पेटर फॉइग्टलेंडर यांनी १८४० मध्ये प्रत्यक्षात घडवली आणि १८४१ पासून ती पितळी कॅमेऱ्यासकट विकायला ठेवली.

ही लेन्स आजच्या भाषेत सुमारे एफ/३.६ ची. हिशेब करून बघा: १५ भागिले ३.६ म्हणजे ४.१७, त्याचा वर्ग १७ च्या थोडा वर. म्हणजे दागेर कॅमेऱ्यातल्या लेन्सच्या सतरा पट प्रकाश. दहा मिनिटांचं काम पस्तीस सेकंदांवर आलं. झेप मोठी, पण आरशासमोर पापणी न हलवता पस्तीस सेकंद बसून बघा. अजून काहीतरी हवं होतं.

ते तिसऱ्या वाटेवर मिळालं: रसायनात. १८४० च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये जॉन गोडार्ड यांनी आयोडीनच्या जोडीला ब्रोमीनची वाफ दिल्याने पत्रा जास्त संवेदनशील होतो, हे जाहीर केलं. पुढच्या वर्षी आंत्वान क्लोदे यांनी क्लोरीनचा वापर सांगितला. मिनिटांची गोष्ट सेकंदांवर आली ती काच आणि रसायन एकत्र आल्यावर. रिचर्ड बिअर्ड यांनी २३ मार्च १८४१ रोजी लंडनमध्ये स्टुडिओ उघडला, तो वॉलकॉटच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर. म्हणजे तिथे पेट्झवाल नसतानाही धंदा उभा राहिला.

या तिन्ही वाटांत एक गोष्ट सामाईक होती आणि ती मी सर्वांत उशिरा पाहिली: पत्र्याचा आकार. दागेर यांचा पूर्ण पत्रा १६.५ बाय २१.६ सेंटिमीटर होता, फॉइग्टलेंडरच्या कॅमेऱ्यातला गोल पत्रा सुमारे ९ सेंटिमीटर व्यासाचा. चित्र लहान केलं की लेन्सची फोकल लेंग्थ लहान करता येते. १५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/३.६ साठी ४२ मिलिमीटरचं छिद्र पुरतं. दागेर कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ ३८० मिलिमीटरच्या आसपास होती. तिथे तेवढाच प्रकाश हवा असता, तर दहा सेंटिमीटरहून मोठी काच घासावी लागली असती. म्हणजे लोकांनी लहान चित्र स्वीकारलं, हेसुद्धा एक कारणच. असं कारण शोधांच्या यादीत सापडत नाही, कारण ते कोणी ‘शोधलेलं’ नसतं.

८५ चा योगायोग

आता गंमत बघा. सुमारे ९ सेंटिमीटरच्या चित्रावर १५० मिलिमीटरची लेन्स, याचं आजच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर रूपांतर केलं तर आकडा सत्तर एमएमच्या आसपास येतो. आजच्या पोर्ट्रेट लेन्सच्या शेजारीच! मी लगेच लिहून टाकलं: ‘पोर्ट्रेटसाठी योग्य फोकल लेंग्थ १८४० मध्येच सापडली होती.’ हेही खोडावं लागलं.

आज आपण ८५ घेतो ती अंतरामुळे. फार जवळून फोटो काढला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. दीड-दोन मीटर मागे गेलं की चेहरा प्रमाणात येतो, आणि तिथून चेहऱ्याने चौकट भरावी म्हणून लांब लेन्स लागते. चेहऱ्याचं प्रमाण अंतर ठरवतं. लेन्स फक्त किती भाग दिसेल ते ठरवते. पेट्झवाल रचनेचा कोन लहान होता तो दुसऱ्याच कारणाने. तिचं चित्र सपाट पत्र्यावर नीट बसत नाही. ते वाटीसारख्या वक्र पृष्ठावर पडतं. मध्य लख्ख, कडा मऊ. त्यामुळे मधला भागच वापरायचा. आकडा जवळजवळ तोच, पण कारण वेगळं. दोन काळांतल्या दोन गोष्टी सारख्या दिसल्या की आपण मधे सरळ रेघ ओढतो. ओढण्याआधी दोन्ही टोकांना कारण विचारावं.

दोष गुण कधी झाला?

त्या मऊ कडा १८४० मध्ये सहन करायचा दोष होत्या. चेहरा मधे असतो, म्हणून चालून गेलं. २०१३ साली लोमोग्राफीने पेट्झवाल रचनेची नवी लेन्स आणली, ती मुख्यतः कडांना गरगरणाऱ्या पार्श्वभूमीसाठी! तोच दोष आता विकला जात होता.

हे वळण कधी आलं? एक चांगला पुरावा १८६६ चा आहे. लंडनच्या जॉन हेन्री डालमेयर यांनी पेट्झवाल रचना बदलून अशी पोर्ट्रेट लेन्स काढली, की मागचा भाग थोडा फिरवला की चित्र हवं तेवढं मऊ करता येई. कारखानदार मऊपणा पैसे घेऊन देतो आहे, म्हणजे तोवर प्रश्न ‘किती वेळ?’ वरून ‘कसं दिसेल?’ कडे सरकायला लागला होता.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचे फोटो इथे उपयोगी पडतात. कलकत्त्यात जन्मलेल्या कॅमेरॉन यांनी ४८ व्या वर्षी कॅमेरा हातात घेतला. पहिली लेन्स पॅरिसच्या जामँ यांची, पेट्झवाल पद्धतीची. त्यांचे चेहरे मऊ आहेत. हे लेन्समुळे की त्यांच्या निवडीमुळे? नशिबाने तुलनेची सोय आहे. १८६६ पासून त्यांनी डालमेयरची ३० इंची, एफ/८ ची वेगळ्या रचनेची लेन्स मोठ्या काचांसाठी वापरली. लेन्स बदलली, वेग कमी झाला, मऊपणा पूर्ण गेला नाही. एवढ्यावरून ‘सगळी त्यांचीच निवड’ असं म्हणता येत नाही, कारण इतकी लांब लेन्स आणि काही मिनिटांचं एक्सपोजर यांनीही चित्र मऊ होतं. पण ‘सगळं जुन्या लेन्सचं काम’ हे मात्र म्हणता येत नाही. एक घटक बदलला आणि परिणाम टिकला, की त्या घटकाचा दावा कमी होतो. आपल्या विषयात प्रयोगशाळा नसते. अशा जागा शोधाव्या लागतात.

हीच सवय आपल्याकडच्या सामग्रीलाही लावता येते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. त्या काळातला एखादा ताठ बसलेला चेहरा दिसला की आपण पटकन म्हणतो, ‘एक्सपोजर लांब, म्हणून ताठ.’ असेलही. पण पुढे कोरड्या काचा आल्या, वेळ सेकंदाच्या अंशावर आली, तरी आपल्या पणजोबांच्या फोटोतला ताठपणा तसाच आहे. तिथे कारण खुर्चीत, पागोट्यात आणि ‘फोटोला कसं बसायचं’ या शिस्तीत शोधावं लागेल.

मग वाक्य कसं लिहायचं?

माझं आता असं आहे: ‘१८३९ ते १८४१ या काळात लहान पत्रा, जास्त प्रकाश देणारी आरसा किंवा लेन्सची रचना आणि ब्रोमीन-क्लोरीनने संवेदनशील केलेला पत्रा यांच्या जोडीने पोर्ट्रेटचा धंदा शक्य झाला, पुढच्या दशकांत यांपैकी पेट्झवाल रचना सर्वाधिक टिकली.’ लांब आहे, देखणं नाही. पण मॅडमनी त्याखाली रेघ मारली नाही.

तुमच्या सिनॉप्सिसमधलं ‘त्यामुळे’ असलेलं प्रत्येक वाक्य आज रात्री शोधा. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. ही वस्तू येण्याआधी ती गोष्ट कुठे घडत होती का? त्याच वेळी आणखी काय बदललं? आणि त्या काळच्या माणसासमोरचा प्रश्न तोच होता का, जो आज माझ्यासमोर आहे? माझं वाक्य पहिल्याच प्रश्नाला पडलं होतं, आणि तो मी स्वतःला विचारलाच नव्हता.