झाडं मोजणारी संस्था

मार्च उजाडला की पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर आंब्याच्या पेट्यांची रास लागते आणि दर दुसऱ्या पेटीवर एकाच गावाचं नाव छापलेलं असतं. देवगड. सिंधुदुर्ग जिल्ह्यातला, मालवणच्या उत्तरेला लागून असलेला हा तालुका. तिथल्या आंबा बागा सुमारे ४५ हजार एकर आहेत, असं तिथली उत्पादक संस्था सांगते. एवढ्या कातळावर आंबा पिकून पिकून किती पिकणार? पण शहरात पिकतो त्याला अंत नाही. गिऱ्हाईकही मग बेरकी झालं. पेटी उघडायची आणि आतला कागद बघायचा: कन्नड वर्तमानपत्र निघालं तर आंबा कर्नाटकचा, मराठी निघालं तर कोकणचा. व्यापाऱ्यांना या परीक्षेत पास व्हायला फार दिवस लागले नाहीत. मराठी रद्दी काही फक्त कोकणातच मिळते असं नाही.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कर्नाटकातल्या हापूस लावणाऱ्या शेतकऱ्याचा यात काही गुन्हा नाही. त्याने आपला आंबा आपल्या नावाने विकायला दिला. त्याचं बारसं वाटेत कुणीतरी दुसऱ्यानेच केलं. त्यालाही देवगडचा भाव मिळत नाहीच. दोन शेतकऱ्यांच्या मधला माणूस दोघांचं खातो, एवढाच या धंद्याचा हिशेब.

देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था १९८६ साली उभी राहिली, तेव्हा बागायतदाराचं मुख्य दुखणं बनावट आंबा हे नव्हतं. दुखणं होतं दलालीचं. पेट्या आधी क्रॉफर्ड मार्केटला जात, पुढे वाशीला जाऊ लागल्या. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, म्हणजे ज्याचा माल त्यालाच भाव कळायचा नाही. काही दिवसांनी पट्टी यायची. तीत हमाली, तोलाई, गाडीभाडं, दलाली वजा होऊन जे उरलं ते आपलं. त्यातही बऱ्याच जणांनी पावसाळ्यातच दलालाकडून उचल घेतलेली असायची, औषधं आणि फवारणीसाठी. ज्याच्याकडून उचल, त्यालाच माल. भावाबद्दल तोंड उघडायची सोयच राहत नसे. गावातल्या बागायतदारांनी एकत्र येऊन थेट गिऱ्हाईक गाठायचं, हा त्यावरचा उतारा होता. सातशेच्या वर सभासद जोडलेल्या या संस्थेने पुढे इंटरनेटवरून मागणी घेऊन पेटी घरपोच पाठवायची वाटही धरली.

थेट विक्रीत एक गंमत होते. मधला माणूस गेला की त्याच्यावर ढकलायची सोयही जाते. वाशीला गेलेल्या पेटीत चार आंबे साका निघाले, तर शिव्या दलालाला. डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाने घरपोच घेतलेल्या पेटीत साका निघाला, तर फोन थेट देवगडला. साका म्हणजे फळाच्या गरात पडणारा पांढरट, स्पंजासारखा भाग. बाहेरून आंबा सोन्यासारखा, कापल्यावर कळतं. बागायतदाराने लबाडी केली असं त्यात नसतं. तरी जबाबदारी त्याचीच. धंद्यातली नीती पुस्तकात वाचून येत नाही, ती अशा फोनांवरून येते.

दुसरा प्रश्न पिकवण्याचा. कोकणात आंबा अढीत पिकवतात: गवताचा थर, त्यावर आंबा, वर पुन्हा गवत. याला वेळ लागतो, आणि बाजाराला वेळ नसतो. हंगामाच्या सुरुवातीच्या पेटीला जो भाव मिळतो तो मेमध्ये मिळत नाही, म्हणून कोवळा आंबा उतरवायचा आणि कॅल्शियम कार्बाइडची पुडी घालून दोन दिवसांत पिवळा करायचा, ही युक्ती सगळ्यांना ठाऊक. कार्बाइड वेल्डिंगच्या कामाचं. त्यातून निघणाऱ्या ॲसिटिलीनने साल पिवळी होते, गर आंबटच राहतो, आणि सोबत आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे. २०१६ पासून त्याजागी ठरावीक प्रमाणात, १०० पीपीएमपर्यंत, इथिलीन वायू वापरता येतो. नियम आहे, पण पुडीवर काही बागेचा पत्ता लिहिलेला नसतो. बंद पेटी कुणाच्या खळ्यात भरली हेच कळत नसेल, तर नियम कुणाला लावणार?

असाच किस्सा कल्टारचा. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. हे संजीवक योग्य मात्रेत दिलं तर हापूस दरवर्षी धरतो, नाहीतर हे झाड एक वर्ष देतं आणि एक वर्ष रुसतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानेच त्याची शिफारस केली, मात्रा ठरवून दिली. स्वतःच्या बागेत माणूस मात्रा सांभाळतो. कराराने घेतलेल्या बागेत मात्र काही जणांचा हात सैल सुटतो, कारण करार दोन-तीन वर्षांचा आणि झाड दुसऱ्याच्या आजोबांनी लावलेलं. मालक मुंबईत चाळीत किंवा विरारच्या फ्लॅटमध्ये. तो वर्षाला एकदा पैसे घेतो, झाड बघत नाही. यात करारदाराला जितकी नावं ठेवावीत तितकीच मालकालाही ठेवायला हवीत.

एकाच्या चुकीची किंमत सगळे कसे मोजतात, हे २०१४ मध्ये अख्ख्या देशाने पाहिलं. काही खेपांत फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मेपासून भारतीय आंबा बंद केला, ऐन हंगामात. बंदी उठली ती पुढच्या जानेवारीत. ज्याच्या पेटीत माशी नव्हती त्याचाही आंबा त्या वर्षी इथेच विकला गेला. नाव सामायिक असलं की त्यावरचा डागही सामायिक.

हे सामायिक नाव कायद्याने बांधून घ्यायची धडपड तोवर सुरू झाली होती. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, अंमलात आला २००३ मध्ये, आणि देशातलं पहिलं मानांकन दार्जिलिंगच्या चहाला मिळालं. हापूसचं मात्र घोडं अडलं, कारण घरातच भांडण. देवगडकरांना ‘देवगड हापूस’ हवा होता, रत्नागिरीकरांना ‘रत्नागिरी’, आणि कोकण कृषी विद्यापीठाचा अर्ज सगळ्या हापूससाठी. आमची माती निराळी, आमचा वारा निराळा, आमची साल पातळ, तुमची जाड, वर्षानुवर्षं हेच. अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांसाठी मिळून हापूसला मानांकन मिळालं, आणि विद्यापीठ, रत्नागिरी व केळशीच्या संस्था यांच्याबरोबर देवगडची संस्थाही त्याची मानकरी झाली. खोटं मानांकन लावून विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, असं कायदा म्हणतो. पण कायद्याला पुरावा लागतो. फुटपाथवरच्या पेटीतला आंबा देवगडचा नाही हे न्यायालयात सिद्ध कसं करणार? न्यायाधीशांना फोड चाखायला देऊन?

त्यामुळे कागद हाती आला तरी बाजारात फार फरक पडला नाही. आणि एक अवघड गोष्ट संस्थेला टाळता येईना. देवगडच्या नावाने बाहेरचा आंबा खपतो, त्यातला काही देवगडमधूनच जातो. पेटीमागे चांगली रक्कम सुटते म्हटल्यावर बाहेरची गाडी रात्री गावात उतरवून घेणारे, आपल्या खळ्यात आपल्याच गवतात आपल्याच पेट्या भरणारे लोक परके नसतात. लग्नाकार्यात शेजारी जेवायला बसणारे असतात. दलालाविरुद्ध, परराज्याविरुद्ध मोर्चा काढणं सोपं. शेजाऱ्याला ‘तुझी झाडं किती आणि पेट्या किती?’ असं विचारणं ही वेगळी हिंमत.

२०२५ च्या हंगामात संस्थेने ते विचारलं. माजी आमदार अॅड. अजित गोगटे अध्यक्ष असताना संस्थेने जाहीर केलं की यापुढे देवगड हापूस म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक आंब्यावर स्वतंत्र क्रमांकाचा शिक्का असेल. पेटीवर नव्हे, फळावर. पेटी रिकामी झाली की पुन्हा भरता येते. रिकाम्या पेट्या विकत घेणारे असतातच. आंब्यावरून शिक्का एकदा सोलला की तो फाटतो, दुसऱ्या फळाला चिकटवता येत नाही. क्रमांकाचा एक भाग शिक्क्यावर दिसतो, दुसरा आत लपलेला. गिऱ्हाइकाने शिक्क्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला की समोरून आतला क्रमांक विचारला जातो. दोन्ही जुळले तर आंबा कुणाचा, कोणत्या गावचा ते कळतं.

तंत्र चतुर आहे, पण मला त्याहून मोलाची वाटते ती शिक्के वाटायची पद्धत. बागायतदाराला मागेल तितके शिक्के मिळत नाहीत. त्याच्याकडे झाडं किती, त्यांची देण्याची ताकद किती, याच्या प्रमाणातच मिळतात. म्हणजे सचोटीची पहिली तपासणी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर होत नाही, संस्थेच्या टेबलावर होते. शंभर झाडांचा मालक हजार झाडांचा आंबा विकू शकत नाही. व्यवसायाच्या सामाजिक जबाबदारीवर जी भाषणं होतात त्यांत शाळेला दिलेले बाक आणि रक्तदान शिबिरं यांचीच यादी असते. स्वतःच्या सभासदाला ‘एवढंच, याच्यावर नाही’ म्हणणारी संस्था त्या यादीत कधी बसत नाही. बसायला हवी.

याची मेहनत कुणावर पडते, तेही बघा. हंगामात पहाटे झेला घेऊन गडी झाडावर चढतात, देठासकट आंबा उतरवतात. चीक सालीवर ओघळला तर डाग पडतो आणि भाव उतरतो. दुपारपर्यंत खळ्यात आंबा पसरलेला. बायका वजनाचा अंदाज हातानेच घेतात, अडीचशे ग्रॅमचा इकडे, तीनशेचा तिकडे, डागी बाजूला. आता त्यात आणखी एक काम: प्रत्येक फळ पुसायचं आणि शिक्का लावायचा. सालीवर दव किंवा चीक असेल तर तो धरत नाही. मोठ्या बागायतदाराकडे माणसं असतात. पंचवीस-तीस झाडांचा मालक, त्याची बायको आणि परीक्षा संपवून आलेलं पोर, हेच सगळं करतात. या लहान माणसाला शिक्क्याचा फायदा सगळ्यात जास्त व्हायला हवा, कारण त्याच्याकडे स्वतःचा ब्रँड छापायला पैसे नाहीत. पण जादा कष्टही त्यालाच सगळ्यात जास्त जाणवतात.

शिक्का काय सांगत नाही, तेही लक्षात ठेवावं. तो गाव सांगतो, कल्टारची मात्रा सांगत नाही. बागेत राखणीला आणि फवारणीला असलेल्या नेपाळी कुटुंबाला काय मजुरी मिळते, त्यांची मुलं त्या काळात शाळेत जातात का, फवारताना तोंडाला काय बांधतात, हेही सांगत नाही. कोकणातल्या किती बागा या माणसांच्या जिवावर उभ्या आहेत ते बागायतदारांना पक्कं माहीत आहे. गिऱ्हाईक आज हे विचारत नाही. निर्यातीचा खरेदीदार उद्या विचारेल, आणि तेव्हा नवीन शिक्का शोधत बसण्यापेक्षा आत्ताच घर नीट केलेलं बरं.

नावावरचा वाद तर संपलेलाच नाही. जुन्नरकरांनी ‘शिवनेरी हापूस’साठी अर्ज केला, गुजरातेतून ‘वलसाड हापूस’साठी झाला, आणि कोकणातल्या बागायतदारांनी हरकती घेतल्या. हापूस हा शब्द आमचाच, हे म्हणणं मला भावतं. पण एकेकाळी गोव्याकडून आलेल्या कलमावर वाढलेल्या फळाबद्दल आपण हे बोलतोय, हेही विसरू नये. ‘देवगड’ या नावावरचा हक्क त्याहून पक्का आहे. तो इतिहासावर उभा नाही, सातबाऱ्यावर आहे.

आता खरी कसोटी वाईट वर्षाची. हापूसचा भरवसा नाही. थंडी लांबली, फेब्रुवारीत उष्म्याने मोहोर करपला, फुलकिडे पडले, किंवा मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तसं वादळ ऐन काढणीत आलं, की शंभर झाडांवर वीस झाडांइतकाही माल राहत नाही. झाडांच्या हिशेबाने शिक्के मात्र शंभराचे घरात. असे उरलेले शिक्के हीच मग एक विकाऊ वस्तू होते. ज्याच्याकडे आंबा नाही त्याच्याकडे शिक्के आहेत आणि ज्याच्याकडे बाहेरचा आंबा आहे त्याला शिक्के हवे आहेत. कराराच्या बागेचे शिक्के मालकाच्या नावावर द्यायचे की करारदाराच्या, हा गुंताही तिथेच आहे. म्हणून माझं म्हणणं असं की हंगाम संपल्यावर शिक्के किती दिले, किती लागले आणि किती परत आले, हे तीन आकडे वार्षिक सभेच्या अहवालात गावागणिक छापायला हवेत. सहकारी संस्थांची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. तोवर आंबा संपलेला असतो, भातलावणी आटोपलेली असते आणि सभासदांना आकड्यांवरून भांडायला भरपूर वेळ असतो.