"बाई, मालकांना नको, मलाच न्या"

धायरी फाट्यावर संध्याकाळी रिक्षा अडकली की कोणीतरी म्हणतंच, "लोकसंख्या किती वाढलीय बघा!" मला ते ऐकवत नाही. या भागात मी वर्षानुवर्षं नर्सबाई म्हणून हिंडले आहे. रायकर मळा, बेनकर वस्ती, कालव्याकडेची घरं, सगळीकडच्या जोडप्यांची नोंदवही माझ्या पिशवीत असायची. डोळ्यांदेखत वाफे गेले, सोसायट्या आल्या आणि 2017 साली उरलंसुरलं धायरीही पुणे महापालिकेत गेलं. फाट्यावरची गर्दी कामाच्या शोधात बाहेरगावाहून आलेल्यांची आहे. धायरीच्या पाळण्यांतून ती आलेली नाही. ज्या घरात सासूची सात-आठ बाळंतपणं झाली, तिथली सून दोनवर थांबते, हल्ली एकावरसुद्धा. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 1.7 मुलं निघाली. लोकसंख्या आहे तेवढीच राहायला साधारण 2.1 लागतात.

पाळणा थांबला, पण तो थांबवायची किंमत मोजली बायकांनी. सुरुवात मात्र अशी नव्हती.

महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना उघडला तोही त्याच वर्षी. 1925मध्ये कर्व्यांची नोकरी गेली. 1927च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि 1953 साली जाईपर्यंत ते चालवलं. मासिक निघालं तेव्हा जगाची लोकसंख्या 200 कोटींच्या आसपास होती, आज ती 800 कोटींपलीकडे गेली आहे. पण कर्व्यांना डोकी मोजण्यापेक्षा बाईची जास्त काळजी होती. आई व्हायचं की नाही आणि कधी, हे तिनं ठरवावं, असं ते उघडपणे लिहायचे. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी स्वतः मूल होऊ दिलं नाही. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. 1934च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. तो खटला ते हरले. पुढे 1938च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या पक्षानं मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तोही नामंजूर झाला. गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता. 1935 साली मार्गारेट सँगर त्यांना भेटायला वर्ध्यापर्यंत आल्या, तरी संयम हाच उपाय, या मतावरून ते ढळले नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाला विरोध करून काम करायचं म्हणजे कर्व्यांना किती एकटं पडावं लागलं असेल, हा विचार मला अनेकदा अस्वस्थ करतो.

आमच्या पुण्यात हे काम शकुंतला परांजप्यांनी उचललं. रँग्लर परांजप्यांच्या या मुलीला जुन्या माणसांनी प्रभातच्या 'कुंकू'त पाहिलेलं असतं. केंब्रिजात शिकलेली ही बाई खेड्यापाड्यांत जाऊन बायकांशी पाळणा लांबवण्याबद्दल बोलायची. मी दारोदार फिरायला लागले तेव्हा सरकार पाठीशी होतं, गळ्यात ओळखपत्र होतं. त्यांच्या वेळी यातलं काही नव्हतं.

1952 साली सरकारनं कुटुंब नियोजन हाती घेतलं. मग लाल त्रिकोणाचं चिन्ह आलं, निरोध आला. आज सांगून खरं वाटणार नाही, पण त्या काळी पुरुष मोठ्या संख्येनं नसबंदीला पुढे यायचे. मुंबईत डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्थानकांवर नसबंदीची सोय केली होती. केरळात एर्नाकुलमच्या एका शिबिरात 1971च्या जुलैत 60 हजारांवर पुरुषांच्या शस्त्रक्रिया झाल्या.

आणीबाणीनं ते सगळं मोडलं. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातले बहुतेक पुरुष होते. अनेकांवर जबरदस्ती झाली. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानं 1976मध्ये मंजूरही केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते अमलात आलं नाही, एवढंच. सत्तांतर झालं, 'कुटुंब नियोजना'चं 'कुटुंब कल्याण' झालं आणि पुरुषांचं नाव काढायला कोणी धजेना. उरल्या बायका.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या बोलण्यात एकच शब्द असायचा, 'केस', म्हणजे ऑपरेशनला आणलेली बाई. वर्षाला किती आणायच्या, याचं उद्दिष्ट ठरलेलं असायचं. मार्च जवळ आला की "किती केस झाल्या?" एवढंच विचारलं जायचं. थंडीत शिबिरं भरायची. सतरंजीवर ओळीनं बायका, कोणाचं टाक्याचं, कोणाचं बिनटाक्याचं, उशाशी तान्ही पोरं, दाराबाहेर त्यांना झोके देणाऱ्या सासवा. टाक्याचं ऑपरेशन झालेली बाई आठवडाही न होता पाण्याची कळशी उचलताना दिसली की मला तिथंच थांबून तिच्यावर ओरडावं लागे. तांबी बसवल्यावर अंगावरून जातंय अशी कोणी तक्रार केली, तर ती ऐकायलाही वेळ नसायचा. 1996 साली ही उद्दिष्टं काढून टाकली आणि पहिल्यांदाच एखाद्या बाईसमोर बसून तिला काय हवंय, हे मी निवांत विचारू शकले.

नवऱ्याचं ऑपरेशन सोपं असतं, हे मी प्रत्येक दारात सांगितलं. सासू म्हणायची, "माझ्या पोराला हात लावायचा नाही." आणि दोन बाळंतपणांनी फिकुटलेली सून मला पडवीत गाठून हळूच म्हणायची, "बाई, मालकांना नको, मलाच न्या. त्यांना ओझी उचलायची असतात." डोक्यावरची पाटी तिनं त्याच क्षणी खाली ठेवलेली असायची.

2019-21च्या त्याच पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत बायकांची नसबंदी 37.9 टक्के निघाली आणि पुरुषांची 0.3 टक्के. साक्षर, पगारदार, स्वतःची गाडी असलेल्या घरांतही मला हेच दिसतं. दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी "आता पोट उघडलंच आहे तर" म्हणून बायकोच्या नळ्या बांधून घेतात. नवऱ्याला कोणी विचारतही नाही. निवृत्तीनंतरही मी नवऱ्यांना विचारते, जिन्यात, हळदीकुंकवाला, नातवाच्या बारशाला. बायको बाजूला असेल तर तिच्यासमोरच विचारते आणि समजावून सांगते. बिनटाक्याच्या पुरुष नसबंदीला भूल फक्त तेवढ्याच जागेपुरती देतात, पाव तासात काम होतं, माणूस त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जातो, ताकद कमी होत नाही, संसारसुखात फरक पडत नाही. पुढचे तीन महिने मात्र निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं, हे विसरायचं नाही.